धान्य ‘लागणे’

मराठीत ‘लागणे’ हे क्रियापद ज्या नाना अर्थांनी योजितात, त्यांतील एका अर्थाचा इतिहास लिहावयाचा तर कोशांपेक्षा वनस्पतिशास्त्राचीच पाने अधिक उलटावी लागतील. सुपारी लागते, तंबाखू लागते, कोकणात हरीक लागतो. आणि हदगावाकडे, जेथे तालुक्याच्या उत्तरेस पैनगंगा वाहते व काळ्या रानातला ज्वारीचा कडबा हाच गुरांचा मोठा आधार असतो, तेथे कोवळ्या ज्वारीने गुरास किराळ लागते. पदार्थ नेहमीचा, खाणारा नेहमीचा. परंतु एखादे दिवशी तोच पदार्थ खाणाऱ्यावर उलटतो. हे का व्हावे, याचा उलगडा कुणब्याच्या बोलीत नाही. पण असे होते, ही नोंद मात्र तीत पक्की आहे. आमच्यासारख्या इंग्रजी शिकलेल्यांनी ती नोंद अडाण्यांची समजूत म्हणून पुष्कळ काळ बाजूस सारली, आणि त्यात आमचेच हसे झाले.

किराळाचा उलगडा प्रथम झाला. पावसाने ताण दिला असता कोवळ्या ज्वारीत, किंवा कापणीनंतर फुटलेल्या फुटव्यांत, धुरीन नावाचे द्रव्य वाढते व जनावराच्या पोटात त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल निघते. डन्स्टन व हेन्री या रसायनज्ञांनी हे द्रव्य १९०२ साली ज्वारीतून वेगळे काढले. हे विष ज्वारीचे स्वतःचे. त्यात परक्याचा हात नाही. हरकाची गोष्ट निराळी. तेथे दाण्यावर वाढणारी बुरशी सायक्लोपियाझोनिक आम्ल निर्माण करते, असे १९८५ साली दाखविण्यात आले.

बाजरीचे प्रकरण याहून गंभीर आहे. कारण ते माणसांवर बेतले. १९५६-५७ साली त्या वेळच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात बाजरी खाऊन लोकांस मळमळ, वांत्या, घेरी व गुंगी येऊ लागली. कणसांवर अरगट पडला होता. फुलोऱ्याच्या वेळी ही बुरशी दाण्याच्या जागी शिरते, मधासारखा चिकट रस पाझरविते आणि मग तेथे काळसर कठीण गाठ धरते. भिडे व हेगडे यांनी या रोगाची नोंद १९५७ साली प्रसिद्ध केली. पटेल, बोमन व दलाल यांनी माणसांतील बाधेचा वृत्तांत १९५८ साली दिला. युरोपात राय धान्यावरील अशाच बुरशीने मध्ययुगात हजारो लोकांचे हातपाय काळे पडून झडले, आणि त्या रोगास संत अँथनीचा अग्नी म्हणत. आमच्याकडे हातपाय झडले नाहीत. कारण बाजरीवरील बुरशीची अल्कलॉइडे वेगळ्या वर्गातली, क्लॅव्हाइन जातीची आहेत. एवढ्यावर समाधान मानावे, असे मात्र आम्हांस वाटत नाही. ज्याच्या घरी दुसरे धान्य आहे तो वाईट बाजरी टाकून देतो. ज्याच्या घरी नाही तो तीच दळतो.

आतापर्यंतचा शत्रू डोळ्यांस दिसणारा होता. गवतातील बुरशीचा खरा नवलाचा अध्याय न दिसणाऱ्या बुरशीचा आहे. गव्हात उगवणारे एक गवत खाल्ले असता झिंग येते, हे भूमध्यसमुद्राकाठच्या लोकांस फार प्राचीन काळापासून ठाऊक होते. मराठी बायबलात ज्या ‘निदणा’चा दाखला येतो, ते हेच असावे असे विद्वान मानतात. १८९८ साली फोग्ल, हानाउसेक व गेरँ यांनी त्याच्या दाण्यात बुरशीचे तंतू पाहिले. लिंडाउ याने १९०४ साली इजिप्तच्या जुन्या थडग्यातील दाण्यांतही तेच तंतू दाखविले. फ्रीमनने ही बुरशी बीजातून रोपात व रोपातून पुन्हा बीजात जाते, असे मांडले. ती बाहेर कधी डोकावत नाही, गवतास कुरूप करीत नाही. एवढे कळूनही या शोधाचा उपयोग सुमारे पाऊणशे वर्षे कोणी केला नाही. विद्वत्तेच्या इतिहासात असे कोनाडे पुष्कळ असतात.

उपयोग अमेरिकेत झाला, तोही गाईंच्या पायांमुळे. केंटकी येथील एका शेतावर १९३१ साली सापडलेले उंच फेस्क्यू गवत १९४३ साली ‘केंटकी ३१’ या नावाने प्रसृत झाले व अवर्षणास दाद न देणारे म्हणून लक्षावधी एकरांवर पेरले गेले. पण त्यावर चरणाऱ्या गुरांचे खूर, शेपटांची टोके व कानांच्या कडा झडत, दूध आटे. १९७७ साली बेकन व सहकाऱ्यांनी या कुरणांतील गवताच्या आत बुरशी दाखविली. पुढे तिचे एर्गोव्हॅलीन हे अल्कलॉइड या बाधेचे मुख्य कारण ठरले. उपाय सोपा वाटला: बुरशीविरहित बी पेरावे. ते पेरले, आणि गवत अवर्षणाने व किडींनी मरू लागले. जे गुरांस विष, तेच गवताचे कवच होते!

न्यूझीलंडमध्ये हीच गाठ अधिक शहाणपणाने सुटली. राय गवतावर मेंढ्यांस लडखडण्याचा रोग होई. त्याचा संबंध आतील बुरशीशी आहे, हे फ्लेचर व हार्वे यांनी १९८१ साली दाखविले, आणि लगेच १९८२ साली प्रेस्टिज प्रभृतींनी असेही दाखविले की, ज्या गवतात बुरशी आहे त्यास सोंडेकिडा त्रास देत नाही. पुढे कळले की मेंढी लडखडते ती लोलिट्रेम-बी या अल्कलॉइडाने, आणि किडा दूर राहतो तो पेरामीन या दुसऱ्याने. मग लोलिट्रेम न करणारी पण पेरामीन करणारी बुरशी निवडून ‘एआर १’ या नावाने २००१ पासून गवतात घालण्यात आली. पाहुण्यास घालवून देण्याऐवजी त्यांनी पाहुणाच बदलला.

आमच्या बाजरीचा अरगट मिठाच्या पाण्याने वेगळा होतो: शंभर भाग पाण्यात वीस भाग मीठ घालून बियाणे ओतावे, काळ्या गाठी व पोकळ दाणे तरंगतात, ते काढून जाळावे, खाली बसलेले बी दोन-तीन पाण्यांनी धुऊन सावलीत वाळवावे. आत लपलेल्या बुरशीला मीठ काही करीत नाही, कारण तिचा दाणा भरलेला व निरोगीच असतो. ती जाते एका साध्या रीतीने. बी साध्या कोठीत वर्ष-दोन वर्षे पडून राहिले, की बुरशी आधी मरते, आणि दाणा तरीही उगवतो.