दुसऱ्याच्या गावाची पदवी

पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवडमध्ये मोडतं. उंच इमारती, रुंद रस्ते, हिंजवडीला जाणाऱ्यांची सकाळची घाई. शंभर वर्षांपूर्वी ते पुण्याजवळचं एक साधं खेडं होतं आणि पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान सहकाऱ्यांना घेऊन तिथे जात. कोणाची जमीन किती, तिचे तुकडे किती, विहिरीला पाणी किती, सावकाराचं देणं किती, घरात खाणारी तोंडं किती, हे त्यांनी घरोघर विचारून लिहून घेतलं. १७७१ साली या गावात सरासरी खातं ४० एकरांचं होतं. १९१५च्या सुमारास ते ७ एकरांवर आलं होतं. ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ हे त्यांचं पुस्तक १९१७ साली निघालं. चारच वर्षांनी ना. वि. कानिटकरांसह जातेगाव बुद्रुक या दुष्काळी गावाचा दुसरा अभ्यासही त्यांनी छापला.

परदेशी जाऊन ‘इंटरनॅशनल डेव्हलपमेंट’मध्ये एम.ए. करणारी आपली मुलं शेवटच्या तीन-चार महिन्यांत प्रबंधासाठी हेच करतात. प्रश्नावली, घरोघर भेटी, आकड्यांची जुळणी, निष्कर्ष. मानसाहेबांच्या वेळी या विषयाला नाव नव्हतं, विभाग नव्हता, पदवीही नव्हती. ही पदवी आली कुठून, हे शोधताना मी सारखा या दोन गावांपाशी परत येतो, कारण तिच्या कुळाचा मोठा भाग आपल्याच मातीत आहे. आपल्या विद्यार्थ्यांना मात्र ते कोणी सांगत नाही.

आधी शब्द पाहू. विकास म्हणजे मुळात उमलणं. कळी विकसते, कमळ विकसतं. एकोणिसाव्या शतकातला मराठी माणूस समाजाबद्दल बोलताना ‘सुधारणा’ म्हणे, ‘उन्नती’ म्हणे. आगरकरांनी १८८८ साली पत्र काढलं त्याचं नाव ‘सुधारक’. हे दोन्ही शब्द कर्ता मागतात: सुधारणा कोणीतरी करायची असते, उन्नती कोणीतरी साधायची असते. विकास मात्र आपोआप होतो असा भास त्या शब्दात आहे. इंग्रजी ‘डेव्हलपमेंट’चाही मूळ अर्थ गुंडाळी उलगडणं असाच, म्हणजे दोन्ही भाषांत शब्द निरागस. त्याला सरकारी बजेट, अधिकारी आणि अभ्यासक्रम चिकटले ते फार उशिरा.

अभ्यासक्रमाची वाट मात्र शब्दाच्या आधीची आहे. १८०० साली कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज निघालं ते ईस्ट इंडिया कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना इथल्या भाषा शिकवण्यासाठी. विल्यम कॅरी तिथे मराठी शिकवत. १८०५ साली त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं. आपल्या भाषेचं हे सुरुवातीच्या काळातलं छापील व्याकरण परक्या देशाचा कारभार करणाऱ्यांसाठी पाठ्यपुस्तक म्हणून तयार झालं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुढच्याच वर्षी कंपनीने इंग्लंडात स्वतःचं कॉलेज काढलं. ते लवकरच हेलीबरीला स्थिरावलं. तिथे इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवायला होते थॉमस माल्थस, लोकसंख्या आणि अन्न यांच्या सिद्धान्ताचे माल्थस. जिल्ह्यावर जाण्याआधी त्या जिल्ह्याचं दारिद्र्य समजून घेण्याची ही पहिली शाळा म्हणता येईल. बाकावर बसणारा एका देशातला आणि धडा दुसऱ्या देशाचा, ही या शिक्षणाची जन्मखूण.

ती लवकर पुसली गेली नाही. कंपनी गेली, हेलीबरीचं कॉलेज १८५८ साली बंद पडलं, पण वसाहतींच्या अधिकाऱ्यांचे वर्ग ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये भरत राहिले. १९२९ आणि १९४० साली ब्रिटिश पार्लमेंटने वसाहतींच्या ‘डेव्हलपमेंट’चे कायदे केले. शब्द कारभाराच्या कागदावर आला. २० जानेवारी १९४९ला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी शपथविधीच्या भाषणात चौथा मुद्दा म्हणून ‘अविकसित’ प्रदेशांना तांत्रिक मदत द्यायची घोषणा केली. एका भाषणाने जगाची दोन गटांत वाटणी झाली असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, पण त्यानंतर विकास ही मोजायची, पुरवायची आणि शिकवायची वस्तू झाली हे खरं.

इथे एक विद्यार्थी मध्येच उभा राहतो आणि ही सगळी मांडणी उलटी करतो. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली त्यांनी एम.ए. केलं. प्रबंधाचा विषय होता ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची वित्तव्यवस्था. ज्यांच्यावर राज्य करायला हेलीबरीत शिकवलं जाई, त्यांच्यातला एकजण आता राज्य करणाऱ्या कंपनीच्या जमाखर्चाचा अभ्यास करत होता. लंडनला शिकत असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली, १९१७ साली परतावं लागलं. पुढे शाहू महाराजांची मदत, उसने पैसे आणि सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले.

या दोन प्रवासांच्या मधल्या काळात, १९१८ साली, त्यांनी शेतीच्या लहान खात्यांवर एक निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे पडतात म्हणून शेती तोट्यात, तेव्हा तुकडे एकत्र करा, असा त्या काळच्या जाणकारांचा सूर होता. आंबेडकरांनी विचारलं की खातं लहान की मोठं हे ठरवायचं कशावरून. दोन एकरांना पुरेसं भांडवल, अवजारं आणि पाणी मिळालं तर ते लहान नाही. वीस एकरांना बैल नसतील तर ते मोठं नाही. पुढे ते म्हणतात की जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसं अवलंबून आहेत, त्यातली कित्येक उत्पादनात भर न घालता फक्त खातात, आणि या रिकाम्या श्रमाला वाट हवी ती उद्योगांत. शेतीच्या दुखण्याचा इलाज त्यांना शेतीबाहेर दिसला.

१९५४ साली मँचेस्टरला शिकवणाऱ्या आर्थर लुईस यांनी शेतीतल्या अतिरिक्त श्रमावर निबंध लिहिला. सेंट लुसिया या कॅरिबियन बेटावर जन्मलेल्या लुईसना १९७९ साली नोबेल मिळालं, आणि त्यांचा तो निबंध विकासाच्या अर्थशास्त्रात आजही मुळाक्षरांसारखा शिकवला जातो. लुईसचं मोठेपण निर्विवाद. त्यांच्या मांडणीचा आवाका आणि बांधणी वेगळी आहे. तरी ३६ वर्षं आधी मुंबईतल्या एका तरुणाने हाच धागा हातात घेतला होता, हे त्या वर्गात कानावर पडायला हवं.

पदवीला घर मिळालं ते साम्राज्यं मोडल्यावर. इंडोनेशिया स्वतंत्र झाल्याला दोन-तीन वर्षंच झाली होती तेव्हा, १९५२ साली, डच विद्यापीठांनी हेग इथे इन्स्टिट्यूट ऑफ सोशल स्टडीज काढली. ब्रिटनमध्ये १९६४ साली परदेशी विकासाचं स्वतंत्र मंत्रालय झालं, बार्बरा कॅसल पहिल्या मंत्री. दोन वर्षांनी ससेक्स विद्यापीठाच्या आवारात इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज उभी राहिली. १९७३ साली नॉरिचच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात या विषयाची स्वतंत्र शाखा निघाली. जुन्या वर्गांचं नाव बदललं, आणि बाकावरची माणसंही बदलली. आता तिथे घाना, टांझानिया, भारत, श्रीलंका इथले अधिकारी येऊन बसू लागले. धडा मात्र पुष्कळसा तोच होता, आणि तो शिकवणाऱ्यांतले काही जण पूर्वीचे वसाहतींचे अधिकारी होते.

ससेक्सच्या संस्थेचे पहिले संचालक डडली सीअर्स यांनी १९६९ साली दिल्लीच्या एका जागतिक परिषदेत विकासाचा अर्थ काय यावर भाषण केलं. गरिबीचं काय झालं, बेकारीचं काय झालं, विषमतेचं काय झालं, या तीन प्रश्नांची उत्तरं वाईट असतील तर दरडोई उत्पन्न दुप्पट झालं तरी त्याला विकास म्हणता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. दोनच वर्षांनी पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधून वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा अभ्यास आला. रोज २,२५० उष्मांक मिळायला १९६०-६१च्या किमतींना खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात २२ रुपये ५० पैसे लागतात, असा त्यांनी हिशेब मांडला. त्याखाली जगणारे खेड्यात सुमारे ४० टक्के आणि शहरात ५० टक्के निघाले. सीअर्सनी प्रश्न विचारला, दांडेकर-रथांनी गरिबीच्या बाजूने आकडा समोर ठेवला. धनंजयराव गाडगीळांनी याच संस्थेत वाई तालुक्याच्या शेतीची पाहणी केली होती, त्या परंपरेतलं हे काम.

पण मोजणारा कोण आणि मोजला जाणारा कोण, हा जुना पेच सुटला नव्हता. त्याला हात घातला रॉबर्ट चेंबर्स यांनी. ते स्वतः केनियात ब्रिटिशांचे जिल्हा अधिकारी होते, मग ससेक्समध्ये आले. १९८३च्या ‘रुरल डेव्हलपमेंट: पुटिंग द लास्ट फर्स्ट’ या पुस्तकात त्यांनी शहरी तज्ज्ञांच्या दौऱ्याचं वर्णन केलं आहे, ते आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याला लागू पडावं. गाडी डांबरी रस्त्याने जाते, म्हणून रस्त्याकडेची गावंच दिसतात. दौरा पावसाळा संपल्यावर, सुगी झाल्यावर निघतो, म्हणून श्रावणातली रिकामी कणगी दिसत नाही. बोलायला पुढे येतात ते पुरुष, त्यातही पुढारी.

यावर जी पद्धत आकाराला आली तिला पीआरए (पार्टिसिपेटरी रुरल अप्रेझल), म्हणजे लोकसहभागाने गावाची पाहणी, म्हणतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ती भारतातल्या संस्थांच्या कामातच जोमाने वाढली. आपल्या खेड्यांनी तिच्या एका अंगाला ‘शिवार फेरी’ असं सुंदर नाव दिलं आहे. तज्ज्ञांनी गावकऱ्यांसोबत शिवार पायाखाली घालायचं, ओढा कुठे फुटतो, बांध कुठे खचतो, हे त्यांच्या तोंडून ऐकायचं. गावनकाशाही तसाच. देवळापुढची जागा झाडून घेतात, रांगोळीने रस्ता ओढतात, खडे ठेवून विहिरी दाखवतात, ज्वारीच्या दाण्यांनी घरातली माणसं मोजतात. मी पाहिलेल्या एका नकाशात पुरुषांनी आधी देऊळ, चावडी आणि सोसायटी काढली. बायकांनी वेगळ्या कोपऱ्यात आपला नकाशा मांडला आणि पहिली रेघ ओढली ती पाणवठ्याची वाट. खाली बसायला लागलेला तज्ज्ञ आणि हातात रांगोळी घेतलेली बाई, एवढा बदल व्हायला हेलीबरीपासून जवळजवळ दोनशे वर्षं लागली.

महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेतही धडा इथूनच तिकडे गेला. १९७२च्या दुष्काळात रस्त्यावर खडी फोडणाऱ्या, पाझर तलावावर माती वाहणाऱ्या लाखो हातांनी, वि. स. पागे यांच्या पाठपुराव्याने आणि १९७७च्या कायद्याने जे घडवलं, ते पुढे जगभरच्या विकास-अभ्यासात दाखला म्हणून गेलं. २००५चा देशाचा रोजगार हमी कायदा त्यावरच उभा राहिला. मस्टरवर अंगठा उठवणाऱ्या बाईला ठाऊक नव्हतं की तिच्या नावाने परदेशात तास घेतले जात आहेत.

आता पैशाचं. ही पदवी मदतीच्या भावनेतून वाढली खरी, पण १९८० साली ब्रिटिश सरकारने परदेशी विद्यार्थ्यांकडून पूर्ण खर्चाची फी घ्यायला सुरुवात केली आणि तिचं रूप पालटलं. गरीब देशांबद्दलचं शिक्षण गरीब देशांतल्या मुलांनाच सर्वांत महाग पडू लागलं. हे मला अन्यायाचं वाटतं. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२पासून आहे, राष्ट्रकुल शिष्यवृत्ती आहे, चेव्हनिंग आहे, राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीने काय घडलं हे आपण जाणतो, म्हणून या शिष्यवृत्त्या वेळेवर आणि पुऱ्या मिळाव्यात यासाठी भांडलं पाहिजे. घर गहाण टाकून जाणाऱ्यांनी मात्र एक पाहून घ्यावं: ज्या नोकऱ्यांच्या भरवशावर ही पदवी घेतली जाई त्या आटत आहेत. अमेरिकेची यूएसएड ही संस्था जुलै २०२५मध्ये गुंडाळली गेली. ब्रिटनने आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून २०२१ साली ०.५ वर आणली आणि २०२७पर्यंत ०.३ वर नेण्याचं जाहीर केलं आहे.

दरवर्षी काही मुलं-मुली मला प्रवेशअर्जासोबतची आपली एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज) वाचायला पाठवतात. बहुतेकांची सुरुवात ‘माझा जन्म दुष्काळी तालुक्यात झाला’ अशी असते, आणि तिसऱ्या परिच्छेदापासून तालुका गायब होऊन परदेशी लेखकांची नावं सुरू होतात. त्यांना माझी विनंती एवढीच आहे की निघण्याआधी आपल्या तालुक्यावर कोणी काय लिहिलंय ते शोधा. आंबेडकरांचा १९१८चा निबंध महाराष्ट्र शासनाने छापलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पहिल्याच खंडात आहे. गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय पुण्यात बीएमसीसी रस्त्यावर आहे. एक दिवस काढून तिथे जा.