दिनविशेष : 16 जुलै
हॉकीपटू धनराज पिल्ले यांचा जन्म (1968)

पुण्याजवळच्या खडकीत, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या स्टिकांना दोरी गुंडाळून खेळायला शिकलेले धनराज पिल्ले पुढे चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धा खेळले. लंडन, ल्यों, स्टुटगार्ट आणि मलेशिया येथील क्लबांकडूनही ते खेळले.

1998 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला पेनल्टी स्ट्रोकवर, म्हणजे गोलरेषेपासून 6.4 मीटरवर ठेवलेल्या चेंडूवर केवळ गोलरक्षकासमोर घेतल्या जाणाऱ्या फटक्यांवर, हरवले आणि 32 वर्षांनी सुवर्णपदक मिळवले. मात्र तुटपुंजे मानधन व अपुऱ्या सोयी यांविरुद्ध उघड बोललेल्या या कर्णधाराला सहा ज्येष्ठ सहकाऱ्यांसह लगेच संघाबाहेर ठेवण्यात आले. ‘विश्रांती’ हे त्याचे अधिकृत कारण होते, ते फारसे कोणाला पटले नाही. तापट म्हणून त्यांच्यावर टीका झाली, पण त्यांच्या तक्रारी खोट्या होत्या असे म्हणता येत नाही.

त्यांना खेलरत्न व पद्मश्री हे सन्मान लाभले. 2004 चे अथेन्स ऑलिंपिक ही त्यांची अखेरची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा ठरली.