लघवी गळणे: शरीरात बसवायची उपकरणे आणि नंतरची काळजी

खोकताना, ओझे उचलताना किंवा संडासापर्यंत पोहोचण्याआधीच लघवी होते का? लाजून लपवू नका, यावर उपचार आहेत. आधी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, सवयींतील बदल आणि गरजेनुसार औषधे दिली जातात. त्यांनी भागले नाही, तर उपकरणाचा विचार होतो.

कोणती उपकरणे असतात?

• आधाराची पट्टी (स्लिंग): खोकताना, शिंकताना लघवी गळणाऱ्या स्त्रियांमध्ये मूत्रमार्गाखाली बसवतात.

• कृत्रिम झडप: प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर लघवी जास्त गळणाऱ्या पुरुषांसाठी. मूत्रमार्गाभोवती पाण्याने भरलेला पट्टा, पोटात फुगा आणि अंडकोषाच्या पिशवीत पंप असतो. पंप दाबला की पट्टा सैल होऊन लघवी होते. काही मिनिटांत तो आपोआप पुन्हा आवळतो. शस्त्रक्रियेनंतर साधारण 6 आठवड्यांनी झडप सुरू करतात.

• मज्जातंतूला उत्तेजन देणारे यंत्र: अचानक, न आवरणारी लघवी येत असेल तर. आधी काही दिवस चाचणी घेतात. त्रास निम्म्याने तरी कमी झाला, तरच यंत्र कायमचे बसवतात.

अडलेल्या बाळंतपणानंतर लघवी सतत गळत असेल, तर मूत्राशय व योनीमार्गात छिद्र पडलेले असू शकते. त्यावर वेगळी शस्त्रक्रिया लागते.

डहाणू, तलासरीत राहत असाल तर

पहिली तपासणी डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात करून घ्या. उपकरण बसवण्यासाठी मात्र मूत्ररोगतज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयात, बहुधा मुंबईला, जावे लागते. पुढे अपघात झाला किंवा बाळंतपण आले, तर तुम्ही पोहोचाल ते जवळच्याच दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांना उपकरणाची माहिती नसेल, म्हणून ती तुम्ही द्यायची.

कृत्रिम झडप असलेल्या रुग्णाला ती आधी उघडून बंद न ठेवता लघवीची नळी घातली, तर मूत्रमार्गाला इजा होऊ शकते. उपकरणाचे कार्ड आधार कार्डासोबत ठेवा. त्यावर शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांचा फोन नंबर लिहा. घरातल्या एकाला तरी हे सांगून ठेवा, कारण बेशुद्ध रुग्ण बोलू शकत नाही. मज्जातंतूचे यंत्र असेल तर एमआरआयपूर्वी सांगा.

ताबडतोब डॉक्टरांकडे जा

लघवी अडली, ताप आला, जखम लाल झाली, पू आला, लघवीतून रक्त गेले किंवा थांबलेली लघवी पुन्हा गळू लागली, तर वाट पाहू नका. उपकरण काही वर्षांनी बदलावेही लागू शकते. म्हणून पुढची तपासणी कुठे आणि कधी, हे शस्त्रक्रियेआधीच विचारून घ्या.