पकडीचे माप कोणासाठी?

कारखान्यात कामगाराचे बोट गेले की आम्हां युनियनवाल्यांना पहिली आठवण होते ती परिशिष्टाची. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या दुरुस्त परिशिष्टात अंगठा गमावल्यास कमाईची शक्ती ३० टक्क्यांनी घटली, असे धरलेले होते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात हे टक्के पदरात पाडून घेण्यात आमची वर्षे गेली. हात म्हणजे टक्केवारी, हे आमच्या अंगवळणी पडले. सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांच्या हातांविषयी वाचू लागलो, तेव्हा ह्या सवयीला धक्का बसला.

बळ मोजण्याचे सुटसुटीत यंत्र रेन्ये ह्या फ्रेंच कारागिराने अठराव्या शतकाच्या अखेरीस तयार केले. माणसाची मूठ आणि घोड्याची ओढ, दोन्ही त्याच यंत्राने मोजत. १८०० साली निघालेल्या फ्रेंच मोहिमेबरोबर पेराँ नामक निसर्गशास्त्रज्ञाने ते ऑस्ट्रेलियाकडे नेले आणि तेथील मूळ रहिवासी युरोपियनांहून दुबळे, असा निवाडा देऊन टाकला. मापाच्या पोटात पूर्वग्रह असा दडून बसतो!

मुलांकडे वैद्यकाचे लक्ष गेले ते नंतर. १८६२ मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम लिटल यांनी जन्मवेळच्या अडचणी आणि अवयवांचा ताठरपणा यांचा संबंध मांडला. ह्या विकाराचे मूळ हातात नाही, मेंदूत आहे. मग नुसता जोर मोजून काय साधणार? मूल पेला घट्ट धरते, पण त्याला तो सोडता येत नाही. कोणाचा अंगठा तळव्यात मुडपलेला राहतो, कोणाचे मनगट वाकल्यामुळे मूठच नीट आवळत नाही. १९५६ साली नेपिअर यांनी जोराची पकड निराळी आणि नेमकी पकड निराळी, असा भेद शास्त्रात मांडला. हातोडा धरणे वेगळे, सुई धरणे वेगळे. आमच्या गिरणीत तुटलेला धागा सांधणाऱ्याला तो भेद बोटांनीच ठाऊक होता.

मुंबईत डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापून अशा मुलांसाठी शाळा काढली. त्यांच्या स्वतःच्या मुलीला हा विकार होता. पुढे २००६ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी ४ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी पाच पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली. कोणत्या हातात किती जोर, हे ती विचारीत नाही. रोजच्या वस्तू मूल दोन्ही हात मिळून कशा हाताळते, किती मदत लागते, एवढेच ती विचारते; आणि उत्तर मुलाला ओळखणाऱ्या माणसाकडून, बहुधा आईकडून, घेते. शर्टाचे बटण, डब्याचे झाकण, पोळीचा मोडलेला तुकडा, ही तिची वजने.

टक्के नकोत, असे आम्ही म्हणत नाही. २०१६ च्या कायद्याने अनेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची रेघ आखली आहे; त्या रेघेसाठी दाखला लागणारच, आणि तो मिळवून देणे हे संघटनेचे काम आहे. पण दाखला हक्क देतो, हात शिकवीत नाही. वाशीत महानगरपालिकेचे ईटीसी केंद्र अपंग मुलांसाठी चालते. अशा ठिकाणी मूल पोहोचले, की तेथे त्याच्या हाताचे दुसरे माप घेता येते. पहिले माप काय गेले ते सांगते. दुसरे काय करता येईल ते सांगते. कामगाराच्या हातासाठी आम्ही पहिल्यावरच भांडत राहिलो. दुसरे मापही मागायला हवे होते, हे आम्हांला ह्या मुलांनी शिकविले.