कोण होत्या शेरॉन लेन? व्हिएतनाम युद्धात शत्रूच्या माऱ्यात प्राण गमावलेल्या एकमेव अमेरिकी लष्करी परिचारिका

वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्धस्मारकाच्या काळ्या ग्रॅनाइट भिंतीवर ५८ हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत. त्यात महिलांची नावं फक्त आठ. या आठही जणी लष्करी परिचारिका होत्या. पाच जणींचा मृत्यू विमान किंवा हेलिकॉप्टर कोसळून झाला, दोघींचा आजारपणामुळे. शत्रूच्या थेट माऱ्यात मरण आलं ते एकीलाच, फर्स्ट लेफ्टनंट शेरॉन लेन यांना.

युद्धावर कशा गेल्या?

शेरॉन यांचा जन्म ७ जुलै १९४३ चा. ओहायो राज्यातल्या कँटन शहरात त्या वाढल्या आणि तिथल्याच ऑल्टमन हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमधून १९६५ मध्ये उत्तीर्ण झाल्या. अमेरिकेत तेव्हा लष्करभरतीची सक्ती पुरुषांवरच होती. शेरॉन मात्र १९६८ मध्ये स्वतःहून लष्कराच्या नर्सिंग कोअरमध्ये दाखल झाल्या.

एप्रिल १९६९ च्या अखेरीस त्या दक्षिण व्हिएतनाममधल्या चु लाई इथल्या ३१२ व्या इव्हॅक्युएशन हॉस्पिटलमध्ये रुजू झाल्या. काही दिवसांतच त्यांना व्हिएतनामी रुग्णांच्या वॉर्डात नेमलं गेलं. तिथे जखमी गावकरी आणि लहान मुलं असत, तसेच पकडलेले शत्रुसैनिकही.

८ जून १९६९ ला काय घडलं?

पहाटे सहाच्या सुमारास हॉस्पिटलवर रॉकेट हल्ला झाला. एक रॉकेट शेरॉन यांच्या वॉर्डाच्या दोन भागांमध्ये पडलं. दोघांचा मृत्यू झाला, २७ जण जखमी झाले. मृतांमध्ये ड्युटीवर असलेल्या शेरॉन होत्या. व्हिएतनाममध्ये येऊन त्यांना जेमतेम सहा आठवडे झाले होते आणि २६ वा वाढदिवस महिन्याभरावर होता.

मरणोत्तर त्यांना पर्पल हार्ट आणि ब्राँझ स्टार ही पदकं देण्यात आली. १९७३ मध्ये ऑल्टमन हॉस्पिटलसमोर त्यांचा पुतळा उभारला गेला.

महिलांच्या स्मारकाला उशीर का झाला?

नावांची भिंत १९८२ मध्ये खुली झाली. १९८४ मध्ये तिच्याजवळ तीन सैनिकांचा पुतळा बसवला गेला. तिघेही पुरुष. व्हिएतनाममध्ये सुमारे ११ हजार अमेरिकी लष्करी महिलांनी सेवा बजावली होती आणि त्यातल्या बहुतेक परिचारिका होत्या. तिथे परिचारिका म्हणून काम केलेल्या डायन कार्लसन इव्हान्स यांनी या महिलांच्या स्मारकासाठी मोहीम उभारली. वॉशिंग्टनमधल्या स्मारकांच्या रचनेवर मत देणाऱ्या ललित कला आयोगाने १९८७ मध्ये प्रस्ताव नाकारला. तरी इव्हान्स मागे हटल्या नाहीत. अखेर ११ नोव्हेंबर १९९३ रोजी शिल्पकार ग्लेना गुडएकर यांचं शिल्प भिंतीजवळ उभं राहिलं. त्यात तीन महिला आणि एक जखमी सैनिक आहे.

शेरॉन यांची आठवण अमेरिकेपुरती राहिली नाही. त्यांच्या नावाच्या फाउंडेशनने पुढे चु लाई परिसरात दवाखाना उभारला. ज्या लोकांवर उपचार करताना त्यांचा जीव गेला, त्यांच्याच मुलानातवंडांसाठी.