सह्याद्री कुठे संपतो?

कोकणातून पाहिले की सह्याद्रीचा कडा स्पष्ट दिसतो. पण पूर्वेला त्याच्या रांगा देशावर हळूहळू विरत जातात. तिथे सह्याद्री कुठे संपतो हे सांगता आले नाही, तरी माणसांचे काही अडत नाही. संगणकाचे मात्र अडते. नकाशाच्या डेटाबेसमध्ये प्रदेश साठवायचा, तर सहसा त्याच्याभोवती बंद रेषा लागते. प्रत्येक ठिकाण एक तर आत, नाही तर बाहेर. माझा व्यवसायच सॉफ्टवेअरचा, त्यामुळे हा हट्ट माझ्या चांगल्या परिचयाचा.

त्यावरचे उपाय तसे जुने आहेत. १९६५ साली बर्कलीच्या लोत्फी झादे यांनी 'फझी सेट' मांडले: एखादी गोष्ट गटात शून्य ते एक यांमध्ये कितीही अंशाने असू शकते. १९९६ मध्ये कोन आणि गॉट्स यांनी अंड्याची उपमा वापरली. बलक म्हणजे नि:संशय आतला भाग, भोवतीचा पांढरा भाग संदिग्ध, त्यापलीकडे बाहेर. म्हणजे एका रेषेऐवजी दोन.

पण सरकारी कामात एकच रेषा लागते. माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात पश्चिम घाटाचे क्षेत्र १,२९,०३७ चौरस किलोमीटर धरले. कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये १,६४,२८० धरले. डोंगर तोच, फरक मात्र सुमारे साडेनऊ गोव्यांएवढा! यात कुणाची मोजणी चुकली नव्हती. गाडगीळांनी उंची आणि जंगल पाहिले. कस्तुरीरंगन यांनी तालुक्यांचा आधार घेतला. प्रश्नच वेगळे, म्हणून उत्तरेही वेगळी.

हा वाद केवळ पंडितांचा नाही. कस्तुरीरंगन समितीने सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवून गावांची यादी दिली. यादीतल्या गावात खाणकामावर बंदी सुचवली होती. शेजारचे गाव त्यातून सुटले. 'साठ टक्के सह्याद्री' अशी नोंद कायद्याला चालत नाही.

म्हणून माझे मत असे: डेटाबेसमध्ये बलक आणि पांढरा भाग दोन्ही ठेवावेत, आणि प्रत्येक रेषेसोबत ती कुणी, केव्हा, कोणत्या निकषावर आखली हेही नोंदवावे. कायद्यासाठी एक रेषा निवडावीच लागेल. पण ती निसर्गाने आखलेली नसून माणसांनी घेतलेला निर्णय आहे, हे त्या रेषेवरच्या गावकऱ्याला कळले पाहिजे. निसर्गापुढे अपील नसते. माणसांच्या निर्णयाला प्रश्न विचारता येतो.