मूत्रपिंड: रचना, कार्य, विकार आणि रक्ताचा सामू

मूत्रपिंड म्हणजे किडनी. काही पुस्तकांत तिला 'वृक्क' असेही म्हटलेले आढळते. रक्त गाळून लघवी तयार करणारा अवयव, अशी तिची ओळख शाळेतच होते. ही ओळख चुकीची नाही, पण अपुरी आहे. रक्तातील पाणी, क्षार आणि आम्ल यांचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेत ठेवणे हे मूत्रपिंडाचे मुख्य काम, आणि लघवी म्हणजे ते काम झाल्यावर उरलेला भाग. हे काम बिघडू लागले तरी बराच काळ रोग्याला त्याचा पत्ता लागत नाही.

रचना

पोटाच्या मागच्या बाजूला, कण्याच्या दोन्ही अंगांना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला दोन मूत्रपिंडे असतात. उजव्या बाजूला वर यकृत असल्यामुळे उजवे मूत्रपिंड किंचित खाली असते. प्रत्येकाची लांबी साधारण १० ते १२ सेंटिमीटर, वजन १२० ते १५० ग्रॅम आणि आकार राजम्याच्या दाण्यासारखा. कंबर दुखू लागली की किडनीची शंका अनेकांच्या मनात येते. पण बहुतेक कंबरदुखी स्नायूंची किंवा मणक्यांची असते. हळूहळू निकामी होत जाणारे मूत्रपिंड सहसा दुखत नाही.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. नेफ्रॉनच्या एका टोकाला केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ असतो आणि त्याच्याभोवती पेल्यासारखे आवरण. या पेल्यातून एक लांब, वळणावळणाची नलिका निघते. अशा असंख्य नलिकांतील द्रव एकत्र होऊन नरसाळ्यासारख्या भागात उतरतो आणि तेथून मूत्रवाहिनीवाटे मूत्राशयात जातो. जन्मानंतर नवे नेफ्रॉन तयार होत नाहीत. जे नष्ट होतात त्यांचे काम उरलेल्यांवर पडते.

गाळणे आणि परत घेणे

हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. त्यातून मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला १८० लिटर द्रव गाळला जातो. लघवी होते ती दीड-दोन लिटर. बाकीचे सगळे नलिकांमधून रक्तात परत घेतले जाते. रक्तपेशी आणि बहुतेक प्रथिने गाळणीतून खाली येतच नाहीत. साखर येते, पण नलिकेच्या पहिल्या भागातच ती पूर्ण शोषली जाते. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ही परत घेण्याची क्षमता अपुरी पडते आणि साखर लघवीत उतरते. मधुमेहात लघवीला मुंग्या लागतात त्या यामुळे.

पुढच्या वळणांत मीठ आणि पाणी यांचा हिशेब होतो. उन्हात काम करून घाम गाळलेल्या माणसाची लघवी गडद आणि थोडी होते, कारण मेंदूकडून आलेल्या संप्रेरकाच्या आदेशाने मूत्रपिंड पाणी राखून ठेवते. याखेरीज मूत्रपिंड रक्तदाब नियंत्रित करणारे रेनिन सोडते, लाल पेशी तयार करण्यासाठी अस्थिमज्जेला चालना देणारे एरिथ्रोपोएटिन तयार करते आणि ड जीवनसत्त्वाला सक्रिय रूप देते. म्हणूनच जुनाट किडनीविकारात रक्तक्षय होतो आणि हाडे ठिसूळ होतात.

आम्ल आणि आम्लारी यांचे संतुलन

माती परीक्षणाच्या अहवालामुळे 'सामू' हा शब्द शेतकऱ्यांच्या ओळखीचा असतो. ७ हा सामू उदासीन, त्याखाली आम्लधर्मी आणि त्यावर आम्लारिधर्मी. जमिनीचा सामू ६ असो की ८, काहीतरी पीक येतेच. रक्ताला इतकी सवलत नाही. त्याचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात राहावा लागतो. तो ६.८ च्या खाली गेला तर जीव वाचणे अवघड होते, कारण पेशींमधील विकरे आणि हृदयाचे स्नायू नीट चालू शकत नाहीत.

अडचण अशी की शरीर दिवसभर आम्ल तयार करतच असते. पेशींमध्ये तयार होणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून आम्ल बनवतो, पण तो श्वासावाटे बाहेर जातो. मांस, अंडी, डाळी यांतील प्रथिनांच्या विघटनातून मात्र गंधकाम्लासारखी आम्ले तयार होतात. ती फुप्फुसांतून बाहेर टाकता येत नाहीत. ६० किलो वजनाच्या माणसात असे आम्ल दिवसाला सुमारे ६० मिलिमोल तयार होते आणि त्याची विल्हेवाट मूत्रपिंडालाच लावावी लागते.

तोपर्यंत हे आम्ल रक्तातील बायकार्बोनेट शोषून धरते. खाण्याच्या सोड्यात असतो तोच हा घटक. मूत्रपिंड एकीकडे गाळलेले बायकार्बोनेट जवळजवळ सगळे परत घेते, आणि दुसरीकडे खर्च झालेल्याच्या जागी नवे तयार करून आम्लाचे हायड्रोजन आयन लघवीत सोडते.

पण हे आयन तसेच मोकळे सोडता येत नाहीत. लघवीचा सामू फार तर ४.५ पर्यंत खाली जाऊ शकतो. तेवढ्या आम्लतेत दिवसाचे ६० मिलिमोल मोकळ्या स्वरूपात बाहेर टाकायचे तर जवळपास १,९०० लिटर लघवी लागेल! मूत्रपिंड त्यावर दोन वाहक वापरते. एक म्हणजे अन्नातून आलेले फॉस्फेट. दुसरा अमोनिया, जो नलिकेच्या पेशी ग्लुटामीन या अमिनो आम्लापासून स्वतः बनवतात. फॉस्फेटचा पुरवठा मर्यादित असतो, पण आम्ल वाढले की अमोनियाचे उत्पादन काही दिवसांत कित्येक पटींनी वाढवता येते. फुप्फुसे मिनिटांत प्रतिसाद देतात. मूत्रपिंडाला काही तास ते काही दिवस लागतात, पण हे आम्ल शरीराबाहेर तेच काढते.

नेफ्रॉन कमी झाले की अमोनिया कमी पडतो आणि आम्ल साठू लागते. या अवस्थेला ॲसिडोसिस म्हणतात. ते भरून काढायला शरीर हाडांतील क्षार वापरते, स्नायू झिजतात, रक्तातील पोटॅशियम वाढू शकते, आणि पुढच्या टप्प्यात रोगी खोल व जलद श्वास घेऊ लागतो. अशा रोग्यांना डॉक्टर सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या देतात. मूत्रपिंड धडधाकट असतानाही तीव्र जुलाबात बायकार्बोनेट वाहून गेल्याने किंवा मधुमेहात कीटोन वाढल्याने ॲसिडोसिस होतो. सतत उलट्या झाल्या तर उलट, पोटातील आम्ल गेल्याने सामू वाढतो.

जेवणानंतर छातीत जळजळ होते ती 'ॲसिडिटी' ही वेगळी गोष्ट. ती जठरातील आम्लाची, रक्ताच्या सामूशी तिचा संबंध नाही. 'रक्त अल्कलाईन करणारे' म्हणून विकले जाणारे महाग पाणी निरोगी माणसात रक्ताचा सामू हलवत नाही, आणि किडनीच्या रोग्यात ते औषधाची जागा घेऊ शकत नाही.

विकार

मूत्रपिंड अचानक बंद पडणे आणि हळूहळू निकामी होणे हे दोन वेगळे प्रकार आहेत. पहिल्यात तीव्र जुलाब, गंभीर जंतुसंसर्ग, मलेरिया, पावसाळ्यातील लेप्टोस्पायरोसिस किंवा घोणसाचा दंश ही कारणे आपल्याकडे दिसतात. वेळेत उपचार झाले तर मूत्रपिंड पुष्कळदा पूर्ववत होते. ताप-जुलाबाने शरीरातले पाणी कमी झालेले असताना दुकानातून आणून घेतलेली वेदनाशामक गोळी मात्र धोका वाढवते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात.

जुनाट विकाराची सर्वांत मोठी कारणे मधुमेह आणि उच्च रक्तदाब. इथे फसगत होते ती क्रिएटिनिनच्या आकड्याने. उरलेले नेफ्रॉन जादा काम ओढत असल्यामुळे निम्मी क्षमता गेली तरी क्रिएटिनिन 'नॉर्मल' दिसू शकते. पाय सुजणे, भूक जाणे, खाज, धाप ही लक्षणे आणखी उशिरा येतात. म्हणून मधुमेही आणि रक्तदाबाच्या रोग्यांनी वर्षातून एकदा क्रिएटिनिनवरून काढलेला गाळण्याचा वेग आणि लघवीतील अल्ब्युमिन अशा दोन्ही तपासण्या करायच्या असतात. हा वेग तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला तर तो जुनाट विकार ठरतो. १५ च्या खाली मूत्रपिंड निकामी झाल्याचे मानतात. लघवीत अल्ब्युमिन आधी दिसू लागते, आणि त्या टप्प्यावर रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवणारी औषधे विकाराचा वेग खरोखर कमी करतात.

मुतखडा वेगळा. तो प्रचंड दुखतो, म्हणून लक्ष वेधतो. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि पुरेसे पाणी हा सर्वांत साधा प्रतिबंध. विकार पुढच्या टप्प्यात गेला असेल तर मात्र पाणी मनाने वाढवायचे नसते. शहाळे पोटॅशियममुळे घातक ठरू शकते, आणि करंबळ तर पूर्ण टाळायचे, कारण त्यातील विषारी द्रव्य मेंदूवर परिणाम करते.

डायलिसिस आणि प्रत्यारोपण

विलेम कोल्फ या डच डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, सॉसेजच्या सेलोफेन नळ्या फिरत्या पिंपावर गुंडाळून डायलिसिसचे यंत्र बनवले. आजही तत्त्व तेच आहे: पातळ पडद्याच्या एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला ठरावीक क्षारांचे द्रावण. या द्रावणात बायकार्बोनेट असते, त्यामुळे प्रत्येक सत्रात रक्ताचा सामूही सुधारतो. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास ही पद्धत. निरोगी मूत्रपिंड आठवड्याचे १६८ तास चालते, यंत्र १२. खर्च आणि अंतर यांमुळे आपल्याकडे अनेक रोगी दोन सत्रांवरच भागवतात. २०१६ पासून केंद्राच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत गरीब रोग्यांना मोफत डायलिसिस मिळू लागले आहे.

पहिले यशस्वी प्रत्यारोपण डिसेंबर १९५४ मध्ये बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एकसारख्या जुळ्या भावांत केले. भारतात अवयवदानासाठी १९९४ चा कायदा लागू आहे. प्रत्यारोपणात रोग्याची जुनी मूत्रपिंडे बहुधा काढत नाहीत. नवे मूत्रपिंड ओटीपोटात, कमरेच्या हाडाच्या आतल्या बाजूला बसवतात. दात्याकडे उरलेले एक मूत्रपिंड पुढच्या काही आठवड्यांत थोडे वाढते, आणि दोन्ही मिळून जेवढे काम करत होती त्याच्या सुमारे ७० टक्के काम एकटे करू लागते.